कुलपाच्या पेटीनं जीव वाचले नाहीत, बंदीनं वाचले : शेतकरी आत्महत्येवर विद्यापीठांचे अभ्यास काय सांगतात?

गावात आत्महत्या झाली की आधी पोलीस पाटील येतो, मग पोलीस, मग तलाठी. पंचनामा होतो. पुढं तहसील कार्यालयात फाइल तयार होते आणि तिच्यात मुख्य तीनच गोष्टी बघितल्या जातात. नापिकी होती का? बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज थकलं होतं का? वसुलीचा तगादा होता का? उत्तरं जुळली तर प्रकरण ‘पात्र’. घरच्यांना एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. उत्तरं नाही जुळली तर ‘अपात्र’. २००६ पासून हीच रीत चालत आलीय.

माणूस महिनाभरापासून झोपत नव्हता का, जेवणावरून उठून जात होता का, पारावर येणं त्यानं कधी बंद केलं, घरात फवारणीचं कोणतं औषध पडून होतं, हे त्या फाइलमध्ये कुठंच येत नाही.

विद्यापीठांतले संशोधक मात्र गेली वीस-पंचवीस वर्षं नेमके हेच प्रश्न धरून बसलेत. त्यात हवामानाचा अभ्यास करणारे आहेत, विषाचे डॉक्टर आहेत, आकडेमोड करणारे आहेत आणि मनाचे डॉक्टर आहेत. एरवी या मंडळींचं एकमेकांकडं काही काम नसतं. या एका प्रश्नावर मात्र त्यांचे अभ्यास एकमेकांना येऊन मिळतात. त्यातून जे निघालंय ते गावापर्यंत फारसं पोचलेलं नाही.

आधी आकडा बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांच्या आत्महत्या नोंदल्यात. त्यातल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे शंभरात जवळपास ३८. आणि एक गोष्ट बातम्यांत मागंच राहते. त्या ११,२९० मध्ये शेतकरी ५,२०७ होते आणि शेतमजूर ६,०८३. मजुरांचा आकडा मोठा आहे. मजुराच्या नावावर सातबाराच नसतो, त्यामुळं त्याची फाइल पहिल्या पायरीवरच अडते.

ऊन तेच, पण मोसम वेगळा

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधक तम्मा कार्लटन यांनी भारतातल्या १९६७ ते २०१३ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. एका बाजूला राज्याराज्यांतले आत्महत्यांचे आकडे, दुसऱ्या बाजूला तापमान आणि पाऊस. त्यातून दिसलं ते असं : पिकाच्या मोसमात, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, तापमान २० अंशांच्या वर असताना एका दिवसाचा पारा एका अंशानं चढला तर देशभरात सरासरी ७० आत्महत्या वाढतात. याच मोसमात पाऊस एक सेंटिमीटर जास्त झाला तर आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतं. मागच्या ३० वर्षांत वाढलेल्या उष्णतेच्या खात्यावर त्यांनी ५९,३०० आत्महत्या मांडल्या.

यातली खरी गोष्ट पुढंच आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात पारा ४२-४५ पर्यंत जातो, जीव नकोसा होतो, पण पिकाच्या मोसमाबाहेरच्या उन्हाचा असा परिणाम आकड्यांत दिसला नाही. म्हणजे उन्हानं डोकं फिरतं असा हा साधा मामला नाही. फुलावर आलेली कपाशी, शेंगा भरायला आलेलं सोयाबीन डोळ्यांदेखत करपतं, आणि त्यातून माणूस खचतो. शेतकऱ्याला हे सांगायला बर्कलीहून कुणी यायची गरज नव्हती हे खरं. पण सरकारी टेबलावर शेतकऱ्याचं सांगणं ‘भावना’ म्हणून बाजूला पडतं आणि आकडा मात्र फाइलला लागतो.

या अभ्यासावर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतले. आकडे अख्ख्या राज्याचे आहेत, जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे नाहीत. त्यात शेतकऱ्यांच्याच नव्हे, सगळ्यांच्याच आत्महत्या धरल्यात. म्हणून ७० हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. दिशा मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कारण ती कामाची आहे. २०२४ पर्यंत पावसात २१ दिवसांचा खंड पडला की कोणत्या महसूल मंडळात पीक विम्याची आगाऊ रक्कम लागू होईल, याची चर्चा गावोगाव सुरू व्हायची. मंडळांच्या याद्या निघायच्या, त्या व्हॉट्सअॅपवर फिरायच्या. अशी यादी त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली, आणि त्या मंडळातल्या आशाताईंना पंधरा दिवस घरोघरी फक्त ‘कसं चाललंय’ एवढं विचारायला सांगितलं, तर त्याला नवी योजना लागत नाही. हवामान खातं आपलं काम करतं, विमा कंपनी आपलं करते. मधला धागा कुणी बांधत नाही.

औषध किडीचं, पण मज्जातंतू दोघांचेही

आता सगळ्यात महत्त्वाचं. ते बोलायला अवघड आहे, पण न बोलून चालत नाही.

शेतात वापरल्या जाणाऱ्या अनेक कीटकनाशकांचा एक मोठा गट आहे, ऑर्गेनोफॉस्फेट. शरीरात एका मज्जातंतूकडून दुसरीकडं निरोप नेणारं एक रसायन असतं. निरोप पोचला की ते रसायन साफ करणारं एक एन्झाइम असतं. हे औषध त्या साफसफाई करणाऱ्यालाच धरून ठेवतं, त्यामुळं निरोप थांबतच नाहीत. कीड तडफडते ती त्यामुळं. आणि ही यंत्रणा किडीत आहे तशी माणसातही आहे. ‘औषध’ या शब्दानं घात केलाय, आहे ते विषच.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यातले बरेच मजूर होते. ते मरायला निघाले नव्हते, दिवसाच्या मजुरीसाठी पंप पाठीवर घेऊन निघाले होते. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत फवारणी करणाऱ्या हजारो शेतकऱ्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासात, ज्यांना पूर्वी कीटकनाशकाची विषबाधा झाली होती त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण जास्त आढळलं. विषानंच मन आजारी पाडलं असं यातून छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण माणसाच्या मागं दुसरीही कारणं असतात. पण विषबाधा होऊन घरी परतलेला माणूस ‘बरा झाला’ म्हणून सोडून द्यायचा नाही, एवढं तरी त्यातून घ्यावं.

श्रीलंकेत एकेकाळी आत्महत्यांचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांतलं होतं. १९९५ च्या सुमारास लाखामागं ४७ पर्यंत. त्यात कीटकनाशकाचा वाटा मोठा. तिथल्या कीटकनाशक निबंधकांनी आणि पेरादेनिया विद्यापीठातल्या विषतज्ज्ञांनी मिळून एक काम केलं. दवाखान्यात येणाऱ्यांपैकी कोणत्या औषधानं माणसं जास्त दगावतात याची नोंद ठेवली आणि ती जहाल औषधं एकेक करून बाजारातून काढली. १९८४ ला काही, १९९५ ला काही, १९९८ ला एंडोसल्फान, २००८ ते २०११ मध्ये आणखी काही. वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. ब्रिटनमधल्या एडिनबरा आणि ब्रिस्टल विद्यापीठांतल्या संशोधकांच्या हिशेबानं १९९५ ते २०१५ या काळात सुमारे ९३ हजार जीव वाचले.

इथं कुणीही विचारील, औषध काढून घेतल्यावर पीक गेलं असेल ना? नाही गेलं. भाताच्या आणि भाजीपाल्याच्या उत्पादनाची आकडेवारी तपासली गेली, त्यात या बंद्यांमुळं घट दिसली नाही. कारण कमी जहाल पर्याय बाजारात होते आणि शेतकरी त्यांच्याकडं वळला. बांगलादेशानं २००० साली असंच केलं, तिथंही भाताचं उत्पादन टिकलं.

(श्रीलंका म्हटलं की आपल्याकडं लोकांना २०२१ आठवतं. तेव्हा तिथल्या सरकारनं रातोरात सगळी रासायनिक खतं आणि औषधं बंद केली आणि भाताचं, चहाचं वाटोळं झालं. ती गोष्ट वेगळी. ही बंदी निवडक होती, दवाखान्याच्या नोंदी बघून, टप्प्याटप्प्यानं केलेली.)

याच श्रीलंकेत दुसरा एक प्रयोग झाला. तो आपल्या पुढाऱ्यांनी मुद्दाम वाचावा, कारण असं काही वाटप करायला त्यांना नेहमीच आवडतं. अनुराधापुराच्या भागात १८० गावांत, ५० हजारांहून जास्त घरांचा अभ्यास झाला. निम्म्या गावांत शेतकऱ्यांना औषध ठेवायला कुलूपवाली पेटी दिली, निम्म्या गावांत दिली नाही. कल्पना चांगली होती. औषध कुलपात राहील, रागाच्या भरात हाताशी येणार नाही. निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. पेटी दिलेल्या आणि न दिलेल्या गावांत विष घेण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

का पडला नाही, हे शेतात काम करणाऱ्याला लगेच कळेल. फवारणीच्या दिवसांत पेटी रोज उघडायची, रोज लावायची, हे किती दिवस चालणार? किल्ली तर घरातल्याच माणसाच्या खिशात. आणि स्वतःच्या पेटीला कुलूप असलं तरी शेजाऱ्याच्या गोठ्यात बाटली आहेच, कृषी केंद्रही उघडं आहेच.

याचा अर्थ औषध माळ्यावर, पलंगाखाली राहू द्यायचं असा नाही. एखाद्या घरात कुणी खचलेलं आहे, ‘आता काही अर्थ राहिला नाही’ असं बोलू लागलंय, तर त्या घरातून औषध पूर्ण हलवा, दुसऱ्याच्या ताब्यात द्या, असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण पेट्या वाटून फोटो काढले म्हणजे जिल्ह्याचा प्रश्न सुटला, असं होत नाही.

यामागं मनाच्या अभ्यासातली एक गोष्ट आहे. बऱ्याच वेळा हा निर्णय महिनोन् महिने ठरवून झालेला नसतो. दुःख जुनं असतं, पण ती घडी छोटी असते. काही मिनिटांची, फार तर काही तासांची. भांडण, अपमान, दारू, वसुलीवाल्याचं दारात येणं. त्या घडीला हाताला काय लागतं यावर माणूस राहतो की जातो हे ठरतं. आणि जो वाचतो त्याच्यापैकी बहुतेक जण पुढं आत्महत्येनं जात नाहीत. गावात नीट बघितलं तर अशी माणसं आहेत. कुणाच्या लेकीची लग्नं झाली, कुणी पुन्हा तूर पेरली.

आपल्याकडं बंदीचा अधिकार केंद्राकडं आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात राज्याला विक्री थांबवता येते ती ६० दिवस, फार तर आणखी ३० दिवस. यवतमाळनंतर राज्यानं काही औषधांवर अशीच ६० दिवसांची बंदी घातली होती. ती मुदत संपली की बाटल्या पुन्हा फळीवर. मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण घ्या. भाजीपाल्यावर ते वापरायचं नाही असं २००५ मध्येच ठरलं. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात ते गेलं आणि २३ मुलं दगावली. आणि त्याचं सगळ्यात जास्त खपणारं द्रावण बंद करायचा केंद्राचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये. अठरा वर्षं! श्रीलंकेनं हेच १९९५ मध्ये केलं होतं. जिल्ह्यातला एकही लोकप्रतिनिधी कापसाच्या भावावर बोलतो तितक्या आवाजात या यादीवर बोलताना दिसत नाही. भावावर बोलावंच, पण हेही शेतकऱ्याचंच काम आहे.

अमरावतीच्या ३० गावांत काय झालं

दूरदेशीच्या गोष्टी झाल्या. आता घरची.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २०१७ मध्ये तो ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापला. पद्धत साधी होती. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवायचं, त्यांनी घरोघरी बोलायचं, ज्याला जास्त गरज त्याला समुपदेशकाकडं, आणि त्याहून जास्त असेल तर डॉक्टरकडं.

कार्यक्रमाच्या आधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम ४ जणांनी कुणाची तरी मदत घेतली होती. नेमका आकडा ४.३ टक्के. दीड वर्षानंतर तो २७.२ टक्के झाला. आत्महत्येचे विचार मनात येऊन गेले असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. यात शेजारच्या दुसऱ्या गावांशी तुलना केलेली नव्हती, आधी आणि नंतर एवढंच मोजलं. त्यामुळं सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही, त्या वर्षांत पाऊसपाणी कसं होतं हेही बघावं लागेल. पण मदत घेणाऱ्यांचा आकडा सहापट होतो, हे आपोआप घडत नाही.

तुलना करून केलेला अभ्यास गोव्यात झाला. तिथं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा-आठ वेळा समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते, साधी शिकलेली, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के सावरले, समुपदेशनाच्या जोडीनं ६४ टक्के. समुपदेशन म्हणजे प्रवचन नव्हे बरं का. सोडून दिलेली छोटी छोटी कामं परत सुरू करायला लावणं, लोकांत मिसळायला लावणं, एकेक अडचण सुटी करून बघणं, असंच ते होतं.

तालुक्याला मानसोपचार तज्ज्ञ मिळत नाही ही तक्रार खरी आहे आणि ती लवकर सुटणारही नाही. पण तज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं कारण नाही, हे गोव्यानं दाखवलं.

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. राज्यानं २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाखाली असलेली माणसं हुडकायची, जिल्हा रुग्णालयात समुपदेशन, फोनवर सल्ला. कल्पना विश्रामसारखीच. फरक असा की विश्राममध्ये त्या माणसाला दुसरं काम नव्हतं. आशाताईच्या डोक्यावर आधीच बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, आयुष्मान कार्ड आणि दहा रजिस्टर आहेत. त्यात ही आणखी एक प्रश्नावली. दुष्काळात तेरावा महिना. आणि प्रश्नही कसे विचारायचे? ‘तुम्हाला उदास वाटतं का’ असं चारचौघांत विचारलं तर कोणता बाप्या हो म्हणेल? त्याला ‘टेन्शन’ विचारलं, झोप विचारली, भूक विचारली तर तो बोलतो. बायका तर अंगदुखी सांगतात, छातीत धडधड सांगतात, आणि आरोग्य केंद्रातून कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन परत येतात.

पोलीस केसची भीती

एक गैरसमज जीवावर बेततो, म्हणून तो इथं स्पष्ट केलेला बरा. कुणी काही घेतलं तर घरचे आधी घरगुती उपाय करतात, मग ओळखीच्या डॉक्टरकडं नेतात. सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल, माणूस आत जाईल, पोरांच्या सोयरिकी मोडतील, ही भीती. यात मोलाचे तास जातात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा देता येत नाही. उलट त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, तिच्यात तर आत्महत्येच्या साध्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलमच ठेवलेलं नाही. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं, ते जबाब घ्यायला येतात, एवढं होतं. तेव्हा ओकाऱ्या काढायला मीठ-पाणी पाजत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा, औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घ्यायचं, म्हणजे डॉक्टरला कोणतं विष आहे ते कळतं.

आणि त्या वेळेपर्यंत जाऊच द्यायचं नसेल तर १४४१६ हा नंबर फोनमध्ये जतन करून ठेवावा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्री दोन वाजताही लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नाव सांगायचं नसेल तर नाही सांगितलं तरी चालतं. ज्याला त्रास आहे त्यानंच फोन करावा असंही नाही. नवरा आठ दिवस बोलत नाही, पोरगा शेतातून घरी यायला तयार नाही, तर बायकोनं, आईनं, शेजाऱ्यानं लावला तरी पलीकडचा माणूस काय करायचं ते सांगतो.